चिघळलेली जखम कडुनिंबाच्या काढ्याने धुताना: पाला तोडण्यापासून पट्टी बांधेपर्यंत

खानदेशात पायाला जुनी जखम असली की पहिला सल्ला मिळतो तो निंबाच्या पाल्याचा. सल्ला वाईट नाही, घोळ पुढे होतो. कोणी पाला वाटून थेट जखमेत भरतं. कोणी आजचा काढा उद्यापर्यंत पुरवतं. कोणी मधुमेह झालेल्या म्हाताऱ्याचा पाय वाफाळत्या घमेल्यात बुडवून ठेवतं, आणि जुन्या जखमेच्या शेजारी भाजल्याची नवी जखम होते. हटकलं तर उत्तर ठरलेलं: "निंबना पाला शे, काय व्हई?"

निंबाच्या पाल्यानेही बरंच काही होऊ शकतं, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. काढ्याचं काम जखम धुण्याचं आहे, भरून आणण्याचं नाही. कडुनिंबाच्या पानांच्या अर्काने काही जिवाणूंची वाढ थांबते हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण जखम महिनोन् महिने बंद होत नाही तेव्हा आत वेगळंच कारण असतं: रक्तातली साखर, पायाकडे कमी जाणारं रक्त, फुगलेल्या शिरा, बधिरपणा, सततचा दाब, नाहीतर आत राहिलेला काटा. यातलं एकही कारण पाल्याने जात नाही. त्यामुळे डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून, त्यांना सांगून, जखम धुण्यापुरताच हा काढा वापरायचा.

टप्पा १: ही जखम घरी धुण्यासारखी आहे का?

हा टप्पा लोक सर्रास गाळतात, आणि पुढचं सगळं नुकसान इथून सुरू होतं. पाला तोडायला जाण्याआधी उजेडात बसून जखम नीट पाहा.

घरी धुता येईल अशी जखम वरवरची असते. तिचा तळ दिसतो, तो लालसर किंवा गुलाबी असतो, पाणी थोडंच येतं, आणि डॉक्टरांनी ती एकदा तरी पाहिलेली असते. खरचटून चिघळलेली, चप्पल घासून झालेली, गळू फुटून उरलेली उथळ जखम या प्रकारात बसते.

पुढच्या जखमांना काढ्याची वाट दाखवू नका, थेट दवाखाना गाठा:

- तळ काळा पडला आहे, कुजका वास येतो आहे, किंवा आत हाड अगर स्नायूची दोरी दिसते आहे.
- लाली जखमेच्या कडेपासून बाहेर सरकते आहे, पाय गरम लागतो आहे, थंडी वाजून ताप येतो आहे.
- जखमेत अळ्या आहेत.
- जखम साप किंवा कुत्रा चावल्याची आहे.
- भाजल्याच्या जुन्या वणावर नवीन जखम उघडली आहे, किंवा जखमेच्या कडा कोबीसारख्या वर आल्या आहेत. अशा जागी कर्करोगही असू शकतो, तुकडा काढून तपासावा लागतो.
- जखम तळपायाला आहे आणि दुखत नाही.

शेवटच्या ओळीवर थोडं थांबतो, कारण तिथेच सगळ्यांची गफलत होते. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असा आपला हिशेब असतो. तळपायाच्या जखमेला तो लागू नाही. मधुमेहात पायाच्या नसा मरतात, कुष्ठरोगातही मरतात, आणि मग खिळा रुतला तरी कळत नाही. अशी जखम वरून चवलीएवढी दिसते आणि आतून हाडापर्यंत गेलेली असते. भोवती जाड, पांढरट घट्टा असेल तर संशय आणखी पक्का.

बधिरपणा घरीच तपासता येतो. माणसाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांच्या अंगठ्याचं, मधल्या बोटाचं आणि करंगळीचं टोक आपल्या बोटाने हलकेच शिवा, दाबू नका. एकूण ६ जागा झाल्या. त्यातल्या २ किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही तर पाय बधिर आहे असं धरा आणि लवकरात लवकर डॉक्टरांना दाखवा.

रक्त पोचतं का, तेही पाहा. अंगठ्याचं नख दाबा, पांढरं पडेल. सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. त्याहून वेळ लागत असेल, पाय थंडगार असेल, रात्री पाय दुखून खाटेखाली लोंबता सोडावा लागत असेल, तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. तिथे घट्ट पट्टी बांधणं धोक्याचं.

नंदुरबार जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट. धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेलचं, म्हणजे लाल रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण मोठं आहे. सिकलसेलच्या रुग्णाला घोट्याजवळ, आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला, खूप दुखणारी आणि पुन्हा पुन्हा उघडणारी जखम होते. तरण्या पोराला काही न लागता घोट्यावर असा व्रण पडला तर पाला बाजूला ठेवा आणि आधी रक्त तपासा. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते.

तपासून पाहा: जखम २ आठवड्यांपेक्षा जुनी आहे का? असेल तर रक्तातली साखर तपासल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे काम होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं तेही विचारून घ्या. पऱ्हाटीचा (कपाशीच्या झाडाचा) खुंट किंवा बाभळीचा काटा लागून झालेली जखम असेल तर काटा पूर्ण निघाला का, याची खात्री करा. लाकडाचा तुकडा एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही, सोनोग्राफीत दिसतो. तो आत असेपर्यंत जखम वरून मिटते आणि पुन्हा फुटते.

टप्पा २: झाड ओळखा

कडुनिंब ओळखायला काय लागतं, असं वाटतं. पण त्याच्यासारखाच दिसणारा बकाणनिंब रस्त्याकडेला आणि शेताच्या बांधावर सगळीकडे आहे आणि घाईत तोच तोडला जातो. बकाणनिंबाची फळं विषारी असतात, आणि जखमेवर वापरण्याजोगं ते झाड नाही.

फरक पानात पाहा. कडुनिंबाच्या एका लांब देठाला दोन्ही बाजूंनी सरळ पानं लागलेली असतात. पान कोयत्यासारखं किंचित वाकडं, कडा दातेरी, आणि बुडाशी दोन्ही बाजू सारख्या नसतात. बकाणनिंबात मुख्य देठाला आधी छोटे देठ फुटतात आणि मग त्यांना पानं लागतात, म्हणजे देठाला फांद्या असतात. फुलं आली असतील तर काम सोपं. कडुनिंबाची पांढरी, बकाणनिंबाची जांभळट. फळावरूनही कळतं: लिंबोळी लांबोळी असते. बकाणनिंबाची फळं गोल, पिवळी, झुबक्यांनी लटकलेली, आणि पानं झडली तरी झाडावर राहणारी.

महारुखाचं पानही दुरून पाहणाऱ्याला फसवतं, पण ते हातभर लांब असतं, जवळ गेल्यावर गोंधळ राहत नाही. कढीनिंबाचा तर प्रश्नच नाही, वासाने कळतो.

झाड कुठलं निवडायचं? कपाशीच्या किंवा केळीच्या शेताच्या बांधावरचं नको. फवारणीचा फवारा पानांवर बसलेला असतो आणि तो धुऊन पूर्ण जात नाही. हमरस्त्याच्या कडेचं, धुळीने माखलेलं नको. गुरं बांधलेल्या गोठ्यावर वाकलेलं नको. घरामागचं, देवळाजवळचं, शाळेच्या आवारातलं झाड बरं.

पानं पूर्ण वाढलेली, हिरवीगार घ्या. चैत्राच्या आसपास येणारी तांबूस कोवळी पालवी पाडव्याला खायची, काढ्याला नको. पिवळी पडलेली, किडीने खाल्लेली, पांढरे ठिपके असलेली पानं सोडून द्या. शिशिरात झाड उघडं पडलं आणि चांगला पाला मिळाला नाही तर झाडाखालची गळलेली पानं गोळा करू नका. त्या दिवसांत उकळून कोमट केलेलं साधं पाणी वापरा. जखम धुण्याचं काम त्यानेही होतं.

टप्पा ३: अंगाला सोसतो का?

पहिल्यांदाच वापरत असाल तर हे करा. टप्पा ४ प्रमाणे थोडा काढा बनवा, त्यात कापसाचा बोळा भिजवून कोपराच्या आतल्या बाजूला, धडधाकट कातडीवर ठेवा, १० मिनिटांनी काढा. दुसऱ्या दिवशी ती जागा पाहा. खाज, पुरळ, लाली आली तर या माणसाला काढा नको. एवढंच.

टप्पा ४: काढा

लागणारं सामान: स्टीलचं पातेलं, झाकण, स्टीलचा डाव, वजनकाटा किंवा २०० मिलीचा पेला, आणि गाळायला सुती कापड. ॲल्युमिनियमचं आणि लोखंडी भांडं नको. कापड आधी २० मिनिटं उकळून, उन्हात वाळवून ठेवलेलं हवं. पातळाचा जुना तुकडा चालेल, पण कपाटातून काढला तसाच नाही.

देठावरून ओरबाडलेली पानं ५० ग्रॅम घ्या, काटा नसेल तर दोन भरगच्च ओंजळी. तीन पाण्यांनी धुवा. तिसऱ्या पाण्यात माती दिसली तर चौथं घ्या.

आता पाणी. पिण्याचं पाणी घ्या, कालव्याचं किंवा शेतातल्या हौदाचं नाही. पातेल्यात आधी २ पेले पाणी ओता, त्यात डाव उभा धरा आणि पाणी कुठपर्यंत आलं ती खूण लक्षात ठेवा. मग आणखी २ पेले ओता. एकूण ८०० मिली झालं, म्हणजे पाल्याच्या सोळापट. उकळायला ठेवा आणि डावावरच्या खुणेपर्यंत आटवा. काढ्याचा सर्वसाधारण नियम सोळापट पाणी घेऊन आठवा हिस्सा उरवण्याचा आहे. धुण्यासाठी इतकं आटवायची गरज नाही, निम्मं पुरे. जास्त आटवून "कडक" केलेला काढा जास्त गुणकारी ठरत नाही, नाजूक मांसाला झोंबतो.

आच मंद ठेवा, झाकण काढलेलं. चुलीवर करत असाल तर राख उडून आत पडते, त्यापेक्षा गॅसवर करा. आटल्यावर झाकण ठेवा आणि तसंच निवू द्या. कापडाची चार पदरी घडी करून धुतलेल्या भांड्यात गाळा. पाल्याचा चोथा पिळू नका, पिळला की बारीक कण खाली येतात आणि जखमेत बसतात.

सावध: काढ्यात हळद, तुरटी, मोरचूद, डेटॉल, मीठ, काहीही टाकू नका. "सोबत थोडं टाकलं तर लवकर सुकेल" ही कल्पना सोडा. जखम सुकवायची नाही, ओलसर ठेवून भरू द्यायची आहे. कोरडी पडलेली, खपली धरलेली जखम हळू भरते.

सावध: हा काढा प्यायचा नाही. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी तर नाहीच. लिंबोळीचं तेल पाजल्यामुळे लहान मुलांना गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. जखम भरायला "आतूनही थोडं" देणारे घरात कोणी ना कोणी असतातच, त्यांना आधीच सांगून ठेवा.

सकाळचा काढा सकाळी, संध्याकाळचा संध्याकाळी. उरलेला टाकून द्या. खानदेशात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा दुपारपर्यंत काढ्याला वास सुटतो. फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा तापवणंही नको. दोन वेळा करणं जमत नसेल तर एकदाच ताजा करा आणि एकदाच धुवा. रोज एकदा नीट धुतलेली जखम दोनदा शिळ्या काढ्याने धुतलेल्या जखमेपेक्षा बरी.

टप्पा ५: किती कोमट?

याला वेगळा टप्पा केला आहे, कारण सगळ्यात जास्त इजा इथे होते. ज्याचा पाय बधिर आहे त्याला विचारायचं नाही. तो म्हणेल, "चालेल, अजून गरम टाक." शेतात राबलेल्या माणसाचा तळहातही चाचणीला नको, त्याची कातडी जाड असते. घरातल्या धडधाकट माणसाने मनगटाच्या आतल्या बाजूला चार थेंब टाकून पाहावं. गरम वाटलं तर थांबा. गरमही नाही आणि गारही नाही, असं वाटलं की घ्या.

पाय काढ्यात बुडवून ठेवू नका. मधुमेह असेल तर मुळीच नाही. बुडवल्याने भोवतालची कातडी फुगते, भेगा पडतात, आणि त्यातून नवा संसर्ग आत जातो.

टप्पा ६: जुनी पट्टी काढणं

क्रम असा ठेवा. आधी सगळं सामान हाताशी मांडा: काढा, गॉझ, पट्टी, सुती टॉवेल, २० मिलीची सुईशिवायची सिरिंज, खाली ठेवायला घमेलं, घाण टाकायला पिशवी. मग नखं कापलेले हात साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्यांसकट. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवा. हात धुतल्यावर मोबाईलला हात लावला तर पुन्हा धुवा.

पट्टी चिकटली असेल तर ओढू नका. त्यावर कोमट काढा सोडा, पाच मिनिटं थांबा, एका कडेने हळूच उचला. ओढून काढली की कालपासून आलेलं नवीन मांस तिच्यासोबत निघतं आणि रक्त येतं. रोज असं करणाऱ्या घरात जखम महिनाभर तेवढीच राहते आणि दोष पाल्याला जातो.

टप्पा ७: धुणं

आधी जखमेभोवतालची कातडी साबण-पाण्याने धुवा, साबण आत जाऊ देऊ नका. मग सिरिंजमध्ये काढा भरून जखमेवर चार बोटं अंतरावरून धार सोडा. एवढ्या जोराने पू आणि सैल घाण निघते, मांसाला इजा होत नाही. सिरिंज नसेल तर पेल्याने बारीक धार धरा. वरून खाली, मधून बाहेर, जेणेकरून बाहेरची घाण आत जाणार नाही. पाचेक मिनिटं पुरे.

तळाशी पिवळा, चिकट थर दिसेल. तो ब्लेडने, नखाने, चिमट्याने, काडेपेटीच्या काडीने, कशानेही खरवडायचा नाही. सैल असेल तर धारेने निघतो, घट्ट असेल तर डॉक्टर काढतात. लाल, दाणेदार, ओलसर तळ दिसला तर तो नवीन मांसाचा. त्याला कापसाने पुसू नका. कापूस जखमेत वापरूच नका, तंतू अडकतात.

घमेल्यातलं पाणी गुरांच्या हौदाजवळ किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नका, मोरीत सोडा. जुनी पट्टी पिशवीत बांधा.

तपासून पाहा: धुऊन झाल्यावर जखम आधीपेक्षा स्वच्छ दिसते का? आतून सतत पू येत असेल, किंवा सिरिंजचा काढा जखमेत शिरून दुसरीकडून निघत असेल, तर आत पोकळी आहे. आज पट्टी बांधा आणि आजच डॉक्टरांना दाखवा.

टप्पा ८: पुसणं आणि झाकणं

भोवतालची कातडी टिपून कोरडी करा. बोटांच्या बेचक्या विशेष. जखम मात्र ओलसर राहू द्या.

आता जखमेवर काय? इथे माझं ठाम मत आहे: घरी केलेलं काहीही नाही. वाटलेला पाला नाही, कारण पाट्यावर, मिक्सरमध्ये, बोटांवर आणि पानावर जे काही आहे ते सगळं लगद्यासोबत जखमेत जातं, आणि धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात. तंबाखू, चुना, राख, शेण, रॉकेल, कॉफी पावडर, कुंकू, बॅटरीतली काळी पूड, हे तर नाहीच. चुन्याने मांस भाजतं. पुडीने तळ झाकला जातो आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही.

जात्यादि तेलाचं नाव बरेच जण घेतात. ते जुनं, ग्रंथोक्त तेल आहे, त्यात जाईचा पाला, कडुनिंब, करंज, हळद, दारुहळद वगैरे आहेत, पण त्यात शुद्ध केलेला मोरचूदही पडतो. म्हणून कोणाच्या सांगण्यावरून ते घरी कढवायचं नाही. वैद्याने जखम पाहून दिलं असेल तर औषधाच्या दुकानातली बंद बाटली, तारीख पाहून, पातळ थर. नाहीतर डॉक्टरांनी दिलेलं मलम. दोन्ही एकावर एक लावू नका.

भोवतालच्या धडधाकट कातडीवर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, जखमेतून येणाऱ्या पाण्याने ती कुजत नाही. जखमेवर मेडिकलमधलं निर्जंतुक गॉझ ठेवा. पाकीट स्वस्त असतं, जुन्या धोतराच्या पट्टीवर पैसे वाचवू नका. उघडी ठेवून "हवा लागू द्यायची" पद्धतही सोडा. पावसाळ्यात आणि आंब्याच्या दिवसांत माशा बसायला वेळ लागत नाही, आणि अळ्या तशाच होतात.

टप्पा ९: पट्टी बांधणं

पट्टी पायाच्या बोटांजवळून सुरू करून वर गुडघ्याकडे न्या. उलटी बांधली की खालचा भाग सुजतो. बोटांची टोकं उघडी ठेवा. गाठ जखमेवर नको, बाजूला द्या, चिकटपट्टी असेल तर आणखी चांगलं.

तपासून पाहा: अर्ध्या तासाने अंगठ्याचं नख पुन्हा दाबून पाहा. गुलाबी यायला आधीपेक्षा वेळ लागतो, बोटं निळसर किंवा गार पडली, मुंग्या येतात, तर पट्टी सैल करा.

घोट्याच्या आतल्या बाजूला जखम, भोवती तपकिरी काळपट कातडी, संध्याकाळी सूज आणि पिंडरीवर फुगलेल्या शिरा असतील तर ती शिरांची जखम असते. तिला दाबाची पट्टी लागते, पण ती डॉक्टरांनी रक्तपुरवठा तपासून सांगितल्यावरच. क्रेप बँडेज आणून स्वतःच आवळू नका.

टप्पा १०: पायाला काम बंद

जखम तळपायाला असेल आणि माणूस दिवसभर त्यावरच चालत असेल तर आतापर्यंतच्या नऊ टप्प्यांचा काही उपयोग नाही. प्रत्येक पावलागणिक अंगाचा भार त्याच जागी पडतो आणि रात्रीतून आलेलं मांस सकाळी चिरडलं जातं. मऊ तळव्याची खास चप्पल मिळते, कुष्ठरोग आणि मधुमेहाच्या रुग्णांना तीच सांगतात, सरकारी दवाखान्यात विचारा. अनवाणी घरातही फिरायचं नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत हे सांगणं सोपं नाही हे मला कळतं. दिवसाची मजुरी जाते. निदान बसून करायचं काम घ्या, शेंगा फोडणं, मिरची निवडणं. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या जागी, मात्र जखम झाकल्याशिवाय बसू नका. शिरांची जखम असेल तर बसताना पाय उशीवर, छातीच्या पातळीच्या वर राहील असा. रक्तच कमी पोचत असेल तर उलट, पाय वर करू नका. म्हणून टप्पा १ मधली नखाची चाचणी आधी करायची होती.

अंथरुणावर पडलेल्या माणसाला माकडहाडावर जखम होते तेव्हाही हेच. दर दोन तासांनी कूस बदला. टायरच्या आकाराची, मध्ये भोक असलेली उशी वापरू नका, तिच्या कडेने रक्त आणखी अडतं.

टप्पा ११: पथ्य, आणि उगाचचं पथ्य

जखम झाली की घरातले वांगं बंद करतात. भरिताच्या प्रदेशात ही मोठीच शिक्षा, आणि बिनकामाची. वांग्याने जखम चिघळत नाही. त्याहून वाईट म्हणजे डाळ, अंडी, शेंगदाणेही "पू होतो" म्हणून बंद करतात. नवीन मांस प्रथिनांतूनच तयार होतं. डाळ, कळण्याची भाकरी, मटकी, दूध, दही, शेंगदाण्याची चटणी, जमत असेल तर अंडी आणि मासे, हे वाढवायचं. किडनीचा आजार असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारून. पथ्य हवं ते साखरेचं, मधुमेह असेल तर. आणि तंबाखू, बिडी बंद, कारण तिने पायाच्या रक्तवाहिन्या आवळतात. एवढं पाळलं गेलं तर घरातल्यांच्या बाकीच्या यादीची गरज उरत नाही.

टप्पा १२: मोजमाप

डोळ्यांनी रोज पाहणाऱ्याला फरक कळत नाही. एक स्वच्छ पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जखमेच्या वर, न टेकवता धरा आणि पेनाने कडा काढा. तारीख घाला. दर आठवड्याला, त्याच वारी. दोन तुकडे एकावर एक ठेवले की जखम आत येते आहे की बाहेर सरकते आहे ते लगेच दिसतं. फोटो काढणार असाल तर शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा, म्हणजे आकाराचा अंदाज येतो.

४ आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर याच पद्धतीने पुढे रेटण्यात अर्थ नाही. कारण पुन्हा शोधावं लागेल. मधे केव्हाही वास, ताप, वाढती लाली, काळेपणा, अचानक वाढलेलं दुखणं दिसलं तर ४ आठवडे थांबू नका. माणूस गुंगीत जाऊ लागला किंवा लाल रेघ पायावरून वर चढू लागली तर १०८ ला फोन करा.

दवाखान्यात जाताना सोबत काय न्यायचं

प्लॅस्टिकचे तुकडे किंवा फोटो, साखरेचे जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या, आणि जखमेला आतापर्यंत काय काय लावलं त्याची यादी. पाला लावला हे सांगायला लाजू नका. कोणता पाला, काढा की लगदा, किती दिवस, हे सांगितलं तर डॉक्टरांना खाज किंवा पुरळ कशाचं ते ओळखता येतं. निघताना जखम धुऊन फक्त गॉझ ठेवा, मलम लावू नका, नाहीतर पू तपासायला घेताना अडचण येते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तालुक्याच्या रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन गेलात तर तिथे शल्यचिकित्सा विभागात जखम दाखवता येते. चिठ्ठीवर जखम कधीपासून आहे ते लिहून घ्या.